कागद स्वस्त, घडी महाग

‘कागदाचंच तर आहे! दीडशे रुपये कसले?’

कॉलेज फेस्टमधल्या हॅण्डमेड दागिन्यांच्या स्टॉलवर थोडा वेळ उभं राहा, हे वाक्य ऐकू येणारच. बोलणारी व्यक्ती वाईट नसते. दोन मिनिटांपूर्वी तिनेच तो नेकलेस उचलून ‘किती क्यूट!’ म्हटलेलं असतं, मैत्रिणीच्या गळ्याला लावून बघितलेला असतो, स्टोरीसाठी फोटोही काढून झालेला असतो. मग किंमत कळते आणि सगळा नूर पालटतो. ‘साठला दे ना यार, आपल्याच कॉलेजची आहेस.’ समोरची मुलगी थोडी हसते, थोडी अवघडते आणि बहुतेक वेळा देऊन टाकते.

या घासाघीशीत सगळ्यांचं लक्ष कागदाकडे असतं. कागद स्वस्त आहे, हे खरंच आहे. पण तो नेकलेस काही नुसत्या कागदाचा नसतो. तो घड्यांचा असतो, आणि घडी करायला कुणाचा तरी वेळ जातो. हा वेळ आपण किमतीत धरत नाही. स्टॉलवर धरत नाही आणि ज्या फेस्टमध्ये तो स्टॉल लागतो, त्या फेस्टच्या बजेटमध्ये तर अजिबातच धरत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, तो धरायला हवा. का, ते सांगते.

आधी एक कडी करून बघू

घडीच्या कागदाची साखळी म्हणजे कार्यानुभवाच्या तासाला केलेली गोल कड्यांची साखळी नव्हे. ती सगळ्यांना येते. घोटीव कागदाची पट्टी घ्या, टोकं खळीने चिकटवा, पुढची पट्टी त्यातून ओवा. मी सांगतेय ती साखळी खळीशिवाय, दोऱ्याशिवाय आणि स्टेपलरशिवाय होते. कड्या एकमेकींत अशा अडकतात की, ओढली तर ती घट्टच होते. दिसायला नागमोडी, थोडी वेणीसारखी. गळ्यात घातली की कुणालाही पटकन कळत नाही, हा कागद आहे.

कृती अशी. अडीच सेंटीमीटर रुंद आणि आठ सेंटीमीटर लांब पट्टी कापा. ती उभी मधोमध दुमडा आणि उघडा. मध्ये रेघ उमटेल. दोन्ही कडा त्या रेघेपर्यंत आणा आणि पुन्हा मिटा. आता पट्टी चार पदरी झाली आणि जेमतेम सहा मिलिमीटर रुंद उरली. मग ती आडवी मधोमध दुमडा, उघडा, दोन्ही टोकं मध्यापर्यंत आणा आणि मिटा. हातात इंग्रजी ‘व्ही’सारखी एक कडी येते. तिच्या दोन्ही पायांत एकेक फट असते. दुसऱ्या कडीचे पाय या दोन फटींतून ओवायचे आणि शेवटपर्यंत ओढायचे. मग तिसरी दुसरीत, चौथी तिसरीत.

वाचायला सोपं वाटतं आणि आहेही. एक कडी कुणालाही जमेल. गंमत पुढे आहे. प्रत्येक कडीने साखळी फक्त तिच्या रुंदीइतकी, म्हणजे सहा-सव्वासहा मिलिमीटरच वाढते. गळ्याला साधा 45 सेंटीमीटरचा नेकलेस हवा असेल तर 72 कड्या लागतात. एका ए-फोर कागदातून अशा 24 पट्ट्या निघतात. म्हणजे अख्खा नेकलेस तीन कागदांत होतो. ‘कागदाचंच तर आहे’ म्हणणाऱ्यांना इथपर्यंत शंभर टक्के मार्क. तीन कागदांची किंमत काय सांगायची!

पण आता घड्या मोजा. एका कडीला दोन उभ्या, दोन आडव्या अशा टप्प्यांत मिळून निदान सहा वेळा कागद दुमडावा लागतो आणि दर वेळी ती रेघ नखाने दाबावी लागते. 72 कड्यांच्या झाल्या चारशेहून जास्त घड्या. हात बसला असेल तर एका कडीला एक मिनिट धरू. कडी करण्यातच सव्वा तास गेला. त्याआधी कटर आणि स्टीलची पट्टी घेऊन 72 सारख्या पट्ट्या कापायच्या आहेत. एक पट्टी दीड मिलिमीटर तिरकी गेली तर तेवढ्या जागी माळ पिळते. नंतर कड्या ओवायच्या, मागे हूक लावायचा, घामाने कागद मऊ पडू नये म्हणून वॉर्निशचा हात द्यायचा. एकूण दोन तास कुठे गेले नाहीत.

म्हणजे दीडशे रुपयांतून हूक, वॉर्निश, कागदाचे वीस रुपये वजा केले तर तासाला 65 रुपये सुटतात. ‘साठला दे ना’ मान्य केलं तर तासाला वीस. वीस रुपयांत कॅन्टीनमध्ये आता काय येतं, ते तुम्हीच सांगा.

रीलमधली तीन सेकंदं

हा हिशोब आपल्या डोळ्यांना दिसत नाही, याचं एक कारण आपल्या हातातच आहे. पेपर ज्वेलरीची कुठलीही रील बघा. पहिली कडी सावकाश, क्लोजअपमध्ये, मागे छानसं गाणं. दुसरी थोडी पटपट. तिसऱ्या सेकंदाला कट, आणि माळ तयार! मधल्या सत्तर कड्या एडिटमध्ये उडालेल्या असतात. त्यात रील बनवणाऱ्याची चूक नाही. सव्वा तास कुणी घड्या बघत बसणार नाही. पण अशा शंभर रील्स बघून झाल्या की, ‘हे तर पाच मिनिटांचं काम आहे’ हे आपल्या डोक्यात पक्कं होतं. मग पाच मिनिटांच्या कामाचे दीडशे रुपये कोण देईल?

मास कॉमच्या वर्गात आम्हाला एडिटिंग शिकवताना कंटाळवाणं तेवढं कापायला सांगायचे. कागदाच्या साखळीत नेमकं तेच कंटाळवाणं काम म्हणजे साखळी असते. ते कापलं तर उरते एक कडी.

गंमत म्हणजे हीच साखळी एका देशात एकेकाळी लांबीवर नाही, तर वेळावरच तोलली जायची. अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या मुलामुलींमध्ये च्युइंगगमच्या वेष्टनांची साखळी करायचं वेड होतं. कृती वर सांगितली तीच, फक्त कागद गमचा. मुलीने आपल्या बॉयफ्रेण्डच्या उंचीइतकी साखळी करायची, अशी एक पद्धतही त्यात होती. आपल्या मापाने हिशोब करा. पाच फूट सात इंचांचा मुलगा म्हणजे 170 सेंटीमीटर, म्हणजे 272 कड्या. साडेचार तास नुसत्या घड्या, आणि आधी तेवढं गम चघळायचं किंवा मित्रमैत्रिणींकडून वेष्टनं मागून आणायची. ती साखळी दुकानात विकायला नेली असती तर कुणी दमडीही दिली नसती. पण ज्याच्यासाठी केली, त्याला तिची किंमत बरोबर कळायची, कारण त्याला वेळ दिसायचा.

हे वेड एका माणसाने सोडलंच नाही. व्हर्जिनिया बीच इथे राहणाऱ्या गॅरी डशल यांनी 11 मार्च 1965 रोजी शाळेत असताना गमच्या वेष्टनांची साखळी सुरू केली आणि ती आयुष्यभर वाढवत नेली. गिनेस बुकात तिची नोंद आहे. लांबी 32 किलोमीटरच्या वर गेली आणि वेष्टनं 25 लाखांहून जास्त लागली. आपल्याकडे सांगायचं तर दादरहून निघालेली साखळी ठाण्याच्या पुढे गेली! ही बातमी वाचून कुणी ‘कागदाचंच तर आहे’ म्हणत नाही. सगळे ‘केवढा वेळ दिला असेल!’ असंच म्हणतात. म्हणजे वेळ मोजायची अक्कल आपल्याला आहे. ती फक्त स्टॉलवर आणि कॉलेजच्या आवारात बंद पडते.

नोटेचा हार चालतो

आता दुसरं टोक बघा. लग्नात नवरदेवाच्या गळ्यात किंवा नेत्याच्या सत्कारात नोटांचा हार तुम्ही पाहिला असेल. कोऱ्या नोटा पंख्यासारख्या चुण्या घालून दुमडतात, मध्ये बांधतात, फुलासारख्या फुलवतात आणि ओळीने ओवतात. तंत्र म्हणून पाहिलं तर हाही घडीच्या कागदाचाच हार. पण त्याला ‘कागदाचंच तर आहे’ असं कुणी म्हणत नाही. त्याच्याकडे बघून लोक मनातल्या मनात बेरीज करतात. दहाच्या किती, शंभरच्या किती.

इथेही घड्या घालणाऱ्याचा वेळ हिशोबात नसतोच. असते ती कागदावर छापलेली किंमत. रिझर्व्ह बँक कित्येक वर्षं लोकांना विनंती करतेय की, नोटांचे हार करू नका, मांडव सजवायला त्या वापरू नका, कारण त्याने नोटा लवकर खराब होतात. म्हणजे बँकेलाही काळजी नोटेची, आणि ते तिचं कामच आहे. पण आपला प्रश्न वेगळा आहे. तीच घडी, तोच हार. एका कागदावर आकडा छापलेला म्हणून तो ‘मान’ आणि दुसऱ्यावर नाही म्हणून तो ‘टाइमपास’. आपण घडीकडे बघतच नाही. छापलेला आकडा तेवढा बघतो.

बारा जणांची रात्र

स्टॉलवरची मुलगी निदान ‘नाही परवडत’ म्हणू शकते. कॉलेजच्या डेकोर टीमला तेवढीही सोय नसते, आणि मला खरं तर त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

फेस्टची रचना सगळ्यांना माहीत आहे. वर सीपी आणि ओसी, मग मार्केटिंग, पीआर, इव्हेंट्स, टेक्निकल, हॉस्पिटॅलिटी, आणि यादीच्या तळाशी डेकोर. फर्स्ट इयरच्या पोरांना ‘आधी डेकोरला लाग, मग बघू’ असं सांगतात. स्पॉन्सरशिप मिळाली की, पैसे आधी साउंड, लाइट्स आणि सेलिब्रिटीकडे जातात. उरलं तर डेकोर. थर्मोकोल आता वापरता येत नाही. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्मोकोलवर बंदी आली आणि सजावटीचं थर्मोकोलही त्यात गेलं. बंदी हवीच होती. पण तिचा एक परिणाम कुणी फारसा बोलून दाखवला नाही. थर्मोकोलचं कटिंग बाहेरून तयार होऊन यायचं. त्याची जागा कागदाने घेतली, आणि कागदाचं काम करायला माणसं लागतात. ती माणसं म्हणजे डेकोर टीम. फुकट.

मी टीवायला होते तेव्हा आमच्या फेस्टची थीम होती जत्रा. स्टेजच्या मागे घडीच्या साखळ्यांचा पडदा सोडायचा ठरला. कल्पना मीटिंगमध्ये सगळ्यांनाच आवडली. कुणीतरी पिंटरेस्टवरचा फोटो दाखवला, सगळे ‘वॉव’ म्हणाले आणि मिनिट्समध्ये एक ओळ लिहिली गेली: ‘पेपर चेन्स – डेकोर’. बस्स. किती कड्या, किती तास, किती हात, हे कुणीच विचारलं नाही.

तो हिशोब आम्ही जमिनीवर बसून केला. कड्या मोठ्या होत्या, नेकलेसच्या दुप्पट. एक कडी सव्वा सेंटीमीटर. तीन मीटरच्या साखळीला 240 कड्या. अशा वीस साखळ्या म्हणजे 4800. आम्ही बारा जण होतो, नऊ मुली आणि तीन मुलगे. वाट्याला प्रत्येकी 400 कड्या. मिनिटाला एक धरली तर सहा तास चाळीस मिनिटं, न उठता, न जेवता. पट्ट्या कापणं वेगळं. टिंटेड पेपरचे गठ्ठे क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून आम्हीच ट्रेनने आणले होते. पहाटेपर्यंत अंगठ्याच्या नखाशेजारची कातडी सोलवटली. कागदाने बोट कापतं तेव्हा रक्त कमी येतं आणि झोंबतं फार, हे त्या रात्री बाराही जणांना कळलं.

पडदा देखणा झाला. आलेल्या प्रत्येकाने त्याच्यासमोर सेल्फी काढला. साउंडवाल्यांना ठरलेले पैसे मिळाले, लाइट्सवाल्यांना मिळाले. आम्हाला सर्टिफिकेट मिळालं. त्यावर ‘व्हॉलंटियर’ छापलं होतं, डेकोर हा शब्दही नव्हता. रात्री थांबलेल्या मुलींना घरी जायला रिक्षाचे पैसे स्वतःच्या खिशातून द्यावे लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पडदा खेचून उतरवला आणि काळ्या पिशव्यांत कोंबला. सफाईच्या मावशी पिशव्या बांधता बांधता थांबल्या. ‘यातली एक घेऊ का गं? गणपतीला होईल,’ असं विचारलं त्यांनी. चार-पाच माळा त्यांनी हळुवार सोडवून घेतल्या, घडी मोडणार नाही अशा. त्या तीन दिवसांत आमच्या कामाला हात लावण्याआधी विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

‘पण हौसेने करता ना?’

हा सगळ्यात आवडता युक्तिवाद. कुणी जबरदस्ती केली होती? मजा येते म्हणूनच केलंत ना? मग पैसे कसले?

मजा येते, हे नाकारायचं कारणच नाही. हातात पट्टी असली की, डोकं शांत होतं. बारा जण गोल करून बसले की, गप्पा होतात, गाणी होतात, फर्स्ट इयरची बुजरी मुलगी पहिल्यांदा बोलती होते. पण हौस आहे म्हणून मोल नाही, हा न्याय आपण फक्त हाताच्या कामाला लावतो. गिटार वाजवणाऱ्यालाही हौस असते, क्रिकेटपटूलाही असते. त्यांना ‘मजा आली ना, मग मानधन कशाला’ असं तोंडावर म्हणायला आपण दोनदा विचार करतो. घडी, शिवण, रांगोळी, मेंदी इथे मात्र एकदाही करत नाही. ही कामं घरात बायका पिढ्यान् पिढ्या फुकट करत आल्या, म्हणून ती फुकटच असतात असं आपण धरून चालतो. आमच्या टीममध्ये बारापैकी नऊ मुली का होत्या, याचंही उत्तर तिथेच आहे.

आणि ज्या कामाचे पैसे द्यायचेच नसतात, त्याचंही मोल ठेवता येतं. जपानमधल्या हिरोशिमाचं उदाहरण त्यासाठी फार मोठं आहे. सादाको सासाकी ही मुलगी अणुबॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. दहा वर्षांनी तिला ल्युकेमिया झाला. हजार कागदी क्रेन पक्षी घडवले की इच्छा पूर्ण होते, या समजुतीने ती दवाखान्यात मिळेल तो कागद, अगदी औषधांची वेष्टनंसुद्धा, घेऊन घड्या घालत राहिली. 25 ऑक्टोबर 1955 ला ती गेली. तिच्या वर्गमैत्रिणी-मित्रांनी पुढाकार घेतला, देशभरातल्या मुलांनी पैसे जमवले आणि 1958 मध्ये हिरोशिमाच्या शांती उद्यानात मुलांचं स्मारक उभं राहिलं. आजही जगभरातून तिथे क्रेनच्या माळा येतात. दोऱ्यात ओवलेल्या, हजार-हजारांच्या. वर्षाला सुमारे एक कोटी क्रेन, वजन दहा टनांच्या घरात.

2003 मध्ये तिथे एका कॉलेज विद्यार्थ्याने आग लावली आणि सुमारे एक लाख चाळीस हजार क्रेन जळाले. आता विचार करा, नुकसान किती झालं? कागदाच्या भावाने मोजलं तर रद्दीच ती. पण जपानमध्ये ही मोठी बातमी झाली. लोक हादरले, कारण त्यांनी ते कागदात मोजलंच नाही. कुठल्या तरी गावातल्या शाळेत मुलांनी बसून घातलेली एकेक घडी त्यांनी मोजली. पुढे साठलेल्या क्रेनचं काय करायचं, हा प्रश्न हिरोशिमा शहरापुढेही होताच. एवढे टन ठेवणार कुठे? तर ते क्रेन आता पुनर्वापरासाठी दिले जातात आणि त्यांच्या कागदातून वह्या, पोस्टकार्डं अशा वस्तू होतात. जपून ठेवणं शक्य नसेल तेव्हाही काळ्या पिशवीशिवाय दुसरा रस्ता असतो, हे एका शहराने विचार करून ठरवलं. आपल्याकडे फेस्टची एक कमिटी एवढा विचार करू शकत नाही का?

कागद आहे म्हणजे ‘इको’ नाही

हाताच्या कामाची बाजू घेतेय म्हणून सगळंच गोड मानायची गरज नाही. हॅण्डमेड असं लिहिलं की वस्तू चांगलीच, असं काही नसतं. कड्या तिरक्या असतील, हूक दुसऱ्याच दिवशी निघणार असेल तर ‘मेहनत केलीय’ म्हणून विकत घ्यावी, असं मी म्हणणार नाही. दोन तास घालवले की दोन तासांचं काम दिसलंही पाहिजे.

दुसरं, ‘इको-फ्रेण्डली’ या शब्दाचं. सोनेरी-चंदेरी चमकणारा बराचसा कागद हा कागदावर चढवलेला प्लास्टिकचा थर असतो. ग्लिटर म्हणजे तर प्लास्टिकचाच चुरा. लॅमिनेट केलेली कडी पावसात टिकते खरी, पण तिचा पुन्हा कागद होत नाही. थर्मोकोल गेलं म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि चमकीच्या कागदाचे गठ्ठे आणायचे, याला अर्थ नाही. जुन्या मासिकांची गुळगुळीत पानं, कॅलेंडरं, कोचिंग क्लासची माहितीपत्रकं ही या साखळीसाठी उत्तम. घडी कडक बसते आणि रंग फुकटात मिळतात. वर्तमानपत्राचा कागद मात्र मऊ. घडी धरत नाही आणि शाई बोटांना लागते. म्हणजे ही पुरवणी सरावाला बरी, नेकलेसला नाही. हे सांगितलं म्हणून आमचे संपादक रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

मग करायचं काय?

फार काही नाही. चार गोष्टी.

एक, विकणाऱ्यांसाठी. किमतीच्या चिठ्ठीवर फक्त 150 लिहू नका. ‘72 कड्या, 2 तास, 150 रुपये’ असं लिहा. घासाघीस करणारा वाईट नसतो, त्याला माहीत नसतं. एकदा वाचलं की बरेच जण पुढे काही बोलणार नाहीत. आणि जे बोलतील, त्यांना ‘नाही’ म्हणायला तुम्हालाही हातात काहीतरी असेल.

दोन, घेणाऱ्यांसाठी. नको असेल तर खुशाल ठेवून द्या. महाग वाटला तर ‘माझ्या बजेटमध्ये नाही’ म्हणा. त्यात काहीच अपमान नाही. फक्त ‘कागदाचंच तर आहे’ म्हणू नका. परवडत नाही हे तुमच्या खिशाबद्दल झालं. दुसरं वाक्य तिच्या दोन तासांबद्दल आहे.

तीन, फेस्टच्या कमिट्यांसाठी. मीटिंगमध्ये ‘पेपर चेन्स – डेकोर’ लिहिण्याआधी एक कडी करून घड्याळ लावा. कड्यांची संख्या, तास आणि माणसं यांचा गुणाकार तिथेच करा. आकडा बघून धडकी भरली तर साखळ्या वीसऐवजी आठ करा. बजेटमध्ये डेकोरच्या नावाने ‘साहित्य’ एवढंच न लिहिता जेवण आणि रात्रीचा प्रवास लिहा. पैसेच द्यायचे असतील तर उत्तम, नसतील तर निदान कुणाच्या खिशातून जाऊ नयेत. पोस्टरवर स्पॉन्सरचे लोगो मावतात, तिथे बारा नावंही मावतील. आणि सर्टिफिकेटवर ‘डेकोर’ हा शब्द छापायला जास्तीची शाई लागत नाही.

चार, फेस्ट संपल्यावर. घडीची साखळी चिकटवलेली नसते, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा. ती न फाडता उतरवता येते, गुंडाळून खोक्यात ठेवता येते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या थीमला जोडता येते. ठेवायला जागा नसेल तर जवळच्या बालवाडीला, गणेश मंडळाला, सफाईच्या मावशींना आधी विचारा. कुणालाच नको असेल तर रद्दीत द्या. काळी पिशवी सगळ्यात शेवटी.

या चारही गोष्टींना पैसे फारसे लागत नाहीत. लागतो तो मोजण्याचा कंटाळा न करणं. आपण अभ्यासाचे तास मोजतो, इंटर्नशिपचे मोजतो, स्क्रीन टाइम तर फोनच मोजून देतो. मग ज्या तासांतून समोर एक वस्तू उभी राहते, तेवढेच न मोजता का सोडायचे?

तरीही कुणाला पटत नसेल तर वाद घालू नका. त्याला एक जुनं मासिक, एक कात्री आणि अडीच बाय आठची एक पट्टी द्या. फोनवर टायमर लावा आणि म्हणा, 72 करून दाखव. मग किंमत तूच सांग.